भाऊची ओळ

हार पाहून प्रीती मंगल कार्यालयाच्या दारातच थबकली. स्टेजवर मोठा करून लावलेल्या जुन्या फोटोत तिघं होते. दोन टोकांना गिटार घेतलेले राजानंद आणि सुग्रीव, मध्ये माउथ ऑर्गन धरलेला नागसेन. यातला गेला होता एकटा नागसेन, तोही गेल्या दिवाळीत. पण फोटो एकच, म्हणून टेंभुर्णीच्या चाहत्यांनी झेंडूचा हारही एकच आणला होता आणि सरळ तिघांना मिळून घातला होता.

प्रीतीचे बाबा, म्हणजे राजानंद, सुग्रीवकाकांचा हात धरून मागून पायऱ्या चढत होते. ती लगबगीनं पुढं गेली आणि हार काढून खुर्चीवर ठेवला. कार्यक्रम ठरवणारा धर्मराज ओशाळला. त्याचं गावात खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि दुकानात दिवसभर या तिघांच्या 'ओसरी' ग्रुपचीच गाणी लागलेली असत. चूक सुधारायला म्हणून त्यानं तोच हार उचलला आणि "या भाऊ" म्हणत आत आलेल्या राजानंदच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या.

दीडेकशे माणसं जमली होती. कुणी अंबडहून, कुणी मस्तगडातून, एक जण तर कॅसेटचं रिकामं कव्हर खिशात घालून आला होता. चाळीस वर्षांपूर्वी ही सगळी कॉलेजची पोरं होती. आता निम्म्यांना टक्कल आणि निम्म्यांना चष्मा. ढोल नाही, ताशा नाही, दोन गिटारींवर हळू आवाजात म्हटलेली ती गाणी या उन्हातान्हाच्या मुलखात इतकी कशी रुजली, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण एकही जण त्यातला एक शब्द विसरला नव्हता.

राजानंदच्या हृदयात महिन्यापूर्वीच स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं होतं. प्रीतीनं यायलाच नकार दिला होता, पण बाबा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी, एकच गाणं आणि तेही बसून, एवढ्यावर ती कबूल झाली. तेच तिनं आता धर्मराजला पुन्हा बजावलं.

"एकच, ताई. बिलकुल एकच," धर्मराज म्हणाला. "अन् तेबी आमीच म्हणू. भाऊला कशाला तरास? त्यायनं फक्त शेवटची ओळ म्हणायची."

माणसं भली होती. प्रीतीला त्यांचा राग येत नव्हता, नुसती भीती वाटत होती. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी मुठीत धरून ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. पुढच्या सगळ्या खुर्च्या चाहत्यांनी सकाळीच धरल्या होत्या.

ते गाणं कसं संपतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. शेवटच्या कडव्याला दोन्ही गिटारी थांबायच्या. बाबा गिटारीवर हनुवटी टेकवून मान खाली घालायचे. मग सगळा हॉल डोळे मिटून ते कडवं म्हणायचा, आणि शेवटी विचारायचा, "दारात कोण?" तेव्हा बाबा मान वर करून एकट्यानं उत्तर द्यायचे, "मीच गं, उशीर झाला." मान खाली असली तरी त्यांचा उजवा पाय ठेका धरून असायचा. लहान असताना प्रीती स्टेजच्या कडेला बसून तो पायच बघत राहायची.

ठरलं होतं एका ओळीचं, पण पहिली दोन कडवी बाबांनीच म्हटली. आवाज पातळ झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. पुढच्या रांगेतली माणसं चष्मे काढून डोळे पुसू लागली. प्रीतीला क्षणभर वाटलं, बरं झालं आलो.

मग गिटारी थांबल्या. बाबांनी हनुवटी टेकवली. हार गिटारीवर पसरला. दीडशे माणसांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. भाऊला जोर पडू नये म्हणून आज त्यांनी आवाज जरा जास्तच लावला होता.

प्रीतीनं पायाकडं पाहिलं. पाय हलत होता. एक, दोन. एक, दोन. मग एक झाला आणि दोन आलाच नाही.

ती उठली. मधली वाट जादाच्या खुर्च्यांनी भरली होती. मिटल्या डोळ्यांची माणसं एकमेकांचे हात धरून बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. ती "सरका, सरका" म्हणत होती आणि ते तिच्या बापाचं गाणं म्हणत होते. स्टेजवर सुग्रीवकाकाही डोळे मिटून बसले होते. ती कशीबशी अर्ध्यात पोचली तेव्हा वाटेकडेला बसलेल्या धर्मराजनं डोळे उघडले. रडून त्याचा चेहरा ओला झाला होता. त्यानं तिचा हात धरला.

"थांबा ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता भाऊची ओळ हाय."

"दारात कोण?" हॉलनं विचारलं.

सगळे थांबले. छताचे पंखे तेवढे फिरत होते. कुणीही डोळे उघडले नाहीत. भाऊ कधीकधी मुद्दाम वेळ लावायचे, हे त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी आवाज जरा खाली आणला आणि मायेनं पुन्हा विचारलं, "दारात कोण?"