एक हजार नऊ बांगडे

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात, तोंडवलीच्या किनाऱ्यावर सलग तिसऱ्या संध्याकाळी रापणीच्या ओढजाळ्यात एक हजार नऊच बांगडे आले. समान वाटे पडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा रापणीचा रिवाज. रापणीचा म्होरक्या, थकलेल्या बाबली तांडेलाने जाळ्याचा वाटा धरून पाहिला, देवाचा सोडून पाहिला. तरी बांगडे उरलेच.

"माका आता वाकवणा नाय," तो म्हणाला.

"मूळ संख्या ती," जाळं ओढायला आलेले गुरुदास मास्तर म्हणाले. "कशेय वाटे घाला, उरतलेच. एकेकाक एकेक दिल्यारच सरतले. पण तितकी माणसां खंय आसत?"

कंबर धरून बाबलीने मान वर केली. किनारा पार टोकापर्यंत माणसांनी भरला होता. सगळी ओलीचिंब, गप्प, प्रत्येकाचा एक हात पुढे.

बाबलीने पहिला बांगडा दिला. बोटांना बोटं लागली. ती बांगड्याहून गार होती.