आईची खुर्ची

आजीने लिहिलेल्या नव्या गोष्टीसाठी नात चित्रं काढत होती. गोष्ट एका सुखी घराची. "शेवटच्या चित्रात सगळे जेवायला बसलेत," आजीने समजावलं. नातीने टेबलाभोवती आजोबा, बाबा, दोन मुलं बसवली. "आईची खुर्ची कुठे काढू?" "ती वाढतेय ना, बाळा. उभीच काढ." "मग बसते कधी?" "बसते की, नंतर." "नंतर म्हणजे कोणत्या पानावर?" आजीला हसू आलं. दाखवायला तिने पानं चाळली. आई पाणी देत होती, डबे भरत होती, दारात वाट बघत होती. बसलेली कुठेच नव्हती. आजीने स्वतःची जुनी पुस्तकं उघडली. त्यांतही नव्हती. नातीसमोर तिला मान वर करवेना. आत सून भांडी आवरत होती. "अगं, इकडे ये," खुर्ची ओढत आजीने हाक मारली. हात पुसत सून धावत आली. "काय आणू, आई?"