यंत्रातली नावं

तिसऱ्यांदाही पासवर्ड चुकला आणि कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला. त्यावर एकच ओळ उरली: प्रवेश बंद, व्यवस्थापकाशी संपर्क साधा.

विजयमालानं हात मांडीवर घेतले.

कोपरगावच्या त्या दवाखान्याच्या रक्तपेढीत ती अकरा वर्षं कारकून होती. गेल्या सालापर्यंत रक्तदात्यांची नावं वह्यांत असायची. मग कॉम्प्युटर आला, वह्या रद्दीत गेल्या आणि नियम आले. दात्यांची नावं गुप्त राहायला हवीत, म्हणून पासवर्ड. तो किमान आठ अक्षरांचा, त्यात दोन आकडे हवेतच. घरच्यांचं नाव चालणार नाही. एकदा वापरलेला पुन्हा चालणार नाही. दर पंधरा दिवसांनी नवा, आणि कागदावर लिहून ठेवायचा नाही. सायली हे मुलीचं नाव पहिल्याच दिवशी बाद झालं. मग विजयमालानं भाज्या वापरल्या. भाज्या संपल्यावर नद्या. सोमवारी यंत्रानं पुन्हा अडवलं, तेव्हा वैतागून तिनं काहीतरी टाकलं होतं. नदीच होती, एवढं नक्की. पण प्रवरा नव्हती, मुळा नव्हती, आणि आता कळलं, सीनाही नव्हती.

आतल्या खोलीत मोनिका होती. पाथर्डीकडची, वीस वर्षांची, ऊसतोडीच्या टोळीतली. सकाळी उसाच्या फडातच बाळंत झाली होती. मूल ठणठणीत होतं. तिचा रक्तस्राव डॉक्टरांनी थांबवला होता, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. गट बी निगेटिव्ह. पेढीत त्याची एकही बाटली नव्हती. नगरहून आणायची तर जाऊन येऊन पाच तास.

डॉक्टर दारात आले. "ताई, मिळालं का कोणी?"

"सर, यंत्र बंद पडलं. नाशिकला फोन केला. इंजिनिअर उद्या सकाळी येतो म्हणतोय."

"उद्या?" डॉक्टर एवढंच म्हणाले. मग नगरला गाडी पाठवायला सांगून परत आत गेले.

मोनिकाची आई रतनबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. लुगड्याला उसाची चिपाडं चिकटली होती. तान्हं पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं. मघापासून ती विजयमालाची बोटं बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "त्या पेटीत नावं घातली कुनी?"

"मीच घातली, मावशी."

"मंग पेटीला कशापायी इचारता? रगत देनारी मानसं तुमी सोता बघितली असतील की."

विजयमालाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. साडेसातशे नावं आहेत मावशी, कशी आठवायची? पण तिनं खुर्ची पडद्याकडून फिरवली आणि डोळे मिटले.

नावं आठवेनात. माणसं मात्र आठवू लागली. सुई बघून घेरी आलेला हवालदार. बांगड्या न काढता हात पुढे करणारी नर्स. ऑगस्टमधलं राहात्याचं शिबिर, पत्र्याच्या शेडमधलं. एक उंच गडी, खाटेवर मावत नव्हता. त्याच्या पायांखाली तिनंच स्टूल सरकवलं होतं. गट निगेटिव्ह आला म्हटल्यावर त्यानं तोंड पाडून विचारलं होतं, "म्हंजे नापास का, ताई?" सगळं शिबिर हसलं होतं.

बी निगेटिव्ह. पेरूच्या आडतीवरचा मापाडी. गोरक्ष.

तिनं टेलिफोनची डिरेक्टरी ओढली. राहात्याच्या पहिल्या दोन आडत्यांकडे गोरक्ष नावाचा कोणी नव्हता. तिसऱ्यानं रिसीव्हर बाजूला ठेवला आणि आवाज दिला, "गोऱ्या! ए गोऱ्या! कोपरगावचा फोन!"

पाऊण तासात गोरक्ष आला. मोटारसायकल उन्हातच उभी केली, खाटेवर आडवा झाला आणि बाही वर सरकवली. विजयमालानं त्याच्या पायांखाली स्टूल ठेवलं.

"कुणाला पाहिजे हाय, ताई?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

"बरं. वाचंल ना?"

"बघू."

तपासण्या उरकून बाटली आत गेली, तेव्हा दोन वाजले होते. गोरक्षला जायला सांगितलं तरी तो गेला नाही. कळल्याशिवाय हलत नाही म्हणाला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

साडेचारला डॉक्टर बाहेर आले. चेहरा धुऊन आले होते. "शुद्धीवर आली," ते म्हणाले. "पाणी मागतेय. आता काळजी नाही."

विजयमाला खुर्चीत बसली. सकाळपासून आपण चहासुद्धा घेतला नाही, हे तिला तेव्हा आठवलं. रतनबाई आत धावली. थोड्या वेळानं पोराला खांद्यावर टाकून बाहेर आली. डोळे लाल झाले होते, पण ती हसत होती.

"बाई, कुनाचं रगत म्हनायचं ते?"

"नाव सांगायला बंदी आहे, मावशी."

"नाव ऱ्हाऊ द्या. कंच्या गावचं मानूस ते तरी सांगा. त्या गावाच्या अंगाला हात जोडते."

विजयमालानं रस्त्याकडच्या खिडकीकडे बोट केलं.

रतनबाई खिडकीशी गेली. पोराला सावरत तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, डोळे मिटले आणि हात जोडले.

रस्त्यापलीकडे टपरीच्या बाकावर गोरक्षनं वर पाहिलं. खिडकीत एक अनोळखी म्हातारी, हात जोडलेले, खांद्यावर मूठभर पोर. तो बघतच राहिला. मग हातातला चहा एका घोटात संपवून तो उठला आणि मोटारसायकलला किक मारली.