मागचा डावा

ज्यांच्या घरी मी होम थिएटर बसवत होतो, ते मालक स्वतःला आवाजातले मोठे दर्दी समजत होते. समोरचे स्पीकर जुने, भिंतीत बसवायचे नवे आणि हट्ट असा, की आवाज सगळ्यांचा एकच वाटला पाहिजे.

मी एकेकातून नुसती खरखर वाजवून दाखवत होतो. "हा जरा बसका वाटतोय," मालक म्हणाले. मी बटणाला उगाच हात लावला. "हां, आता जुळला!" काय ते कान!

"पण सगळ्यात झकास तो मागचा डावा," ते डोळे मिटून म्हणाले.

तिथे स्पीकरच नव्हता. भिंतीला नुसतं भोक पाडलेलं, वायर बाहेर लोंबत होती.

त्यांची जिरवायला मी भोकाला कान लावला. आता खो खो हसणार, तेवढ्यात आतून माझंच हसणं ऐकू आलं.

"बघा," मालक म्हणाले, "तंतोतंत जुळलाय."