पुढचा शब्द

ही २००८ सालची गोष्ट. शाळेत संगणक शिकवणाऱ्या आत्याने नववीतल्या भाचीच्या कानात हळूच सांगितलं, "सुईदोरा. माझ्या नावाने मेसेज आला, तर आधी हा शब्द विचारायचा. कुठेही लिहायचा नाही."

"आत्या, तू घरीसुद्धा शाळा भरवतेस."

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. आत्याच्या नावाने मेसेज होता, 'गेटपाशी आहे, एकटीच खाली ये.' आत्या समोरच बसली होती आणि तिचा फोन टेबलावर बंद होता.

भाचीने शब्द विचारला.

उत्तर आलं, 'आजचा सुईदोरा. पुढचा शिंपला.'

भाची खाली गेली नाही. आत्याने पुन्हा कधी शब्द ठरवला नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. भाचीने हे कुणालाच सांगितलं नाही, स्वतःच्या मुलीलाही नाही.

काल मुलगी शाळेतून आली. "आई, बाईंनी घरी एक गुप्त शब्द ठरवायला सांगितलाय. आपला शिंपला ठेवूया?"