बोटांच्या पुढे

भाला पाण्यात घुसला आणि मासा भेदून खाली वाळूत रुतला. त्याने सगळं अंग दांड्यावर टाकलं. गुडघाभर पाण्याखाली काहीतरी जिवाच्या आकांताने फडफडत होतं. पाणी आधी गढूळ झालं, मग लालसर. फडफड मंदावली तेव्हा त्याने भाल्यालगतचा आपला पाय सोडवून घेतला आणि भाला वर उचलला. टोकावर ताटाएवढा चपटा मासा होता, वरून वाळूच्या रंगाचा, खालून पांढराफटक. टोपलीच्या काठावर घासून त्याने तो आत पाडला.

टोपली बायकोच्या हातात होती. शिंतोडे तिच्या गालावर उडाले. तिने ते पुसले नाहीत. तिची नजर लेकीच्या पायांवर होती.

"बघितलंस ना, भिंगरे?" तो लेकीला म्हणाला. "पाय घासत चालायचं. खाली गुळगुळीत लागलं की दाबून उभं राहायचं आणि 'आहे' म्हणायचं. तुझ्या बोटांच्या पुढे त्याचं डोकं असतं. तिथे मी मारतो. तू फक्त हलायचं नाही."

"मला नाही येत तसं," भिंगरी म्हणाली. सहा वर्षांची पोर ती, जेवतानासुद्धा एका जागी बसत नसे.

"अहो, लहान आहे ती," बायको म्हणाली. "तुमच्याच पायाने धरा ना."

"माझ्या टाचांचे दगड झालेत. मासा काय नि चिखल काय, सारखंच लागतं. हिचे तळवे कसे लोण्यासारखे आहेत."

काठावरच्या खडकावर सासू मासे साफ करत बसली होती. "शिकू दे गं तिला. आम्ही सगळे असेच शिकलो. ह्याच्या डाव्या पायाची करंगळी कुठे गेली, माहितीये ना? तुझ्या सासऱ्यांनी उडवली. पण मासाही आला हो त्याच भाल्यावर!" सुरीचा हात मांडीवर आपटत ती खदखदून हसली. तोही हसला.

भिंगरी पाय घासत निघाली. थोड्या वेळाने किंचाळलीच, "आहे! आहे!"

तो झेपावला. मासा तिच्या तळव्याखाली उसळला, तशी ती फ्रॉक आवळून मागे सरली. भाला सपकन खाली गेला आणि वाळूत उभा राहिला. रिकामाच.

त्याने तिच्या थोबाडीत मारली. पोर पाण्यात बसकन आपटली.

"काय सांगितलं होतं? हलायचं नाही!"

"अहो, भाला कुठे गेला ते बघा आधी!" बायको ओरडली. "तिचा पाय होता तिथे!"

"मासा होता. ती हलली म्हणून तुला तसं वाटतं. एवढी वर्षं मारतोय, माझा हात चुकलाय कधी? तू टोपली सांभाळ."

"आणि रडणं थांबव म्हणावं तिला," सासू काठावरून म्हणाली, "मासे पळतात."

भिंगरीने ओल्या बाहीने नाक पुसलं. उठून पुन्हा चालू लागली. गालावर चार बोटं उमटली होती. एव्हाना सगळं पाणी ढवळून निघालं होतं; गुडघ्याखालचा स्वतःचा पायही दिसत नव्हता. चालता चालता ती थांबली. या वेळी ओरडली नाही. दोन्ही मुठी छातीशी घेतल्या, डोळे गच्च मिटले.

"आहे," ती कशीबशी म्हणाली.

तो तिच्या समोर येऊन उभा राहिला. पाण्यात काहीच दिसत नव्हतं. त्याने अंदाज घेतला आणि भाला डोक्याच्या वर नेला.

टोपली पाण्यात पडली. मेलेला मासा तरंगत बाजूला गेला. बायकोने पाणी तुडवत येऊन लेकीला मागून कवेत घेतलं, तिच्या पोटरीवरून आपला पाय चाचपत खाली नेला आणि तिच्या पायावर ठेवला. भार सगळा दुसऱ्या पायावर घेतला. तो चिमुकला पाय तिच्या पायाखाली पुरता झाकून गेला. त्याच्याखाली मासा धडका देत होता.

"आई, हलू नको," भिंगरी डोळे न उघडता कुजबुजली. "मार बसेल."

"बाजूला हो," तो म्हणाला.

"मारा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बोटांच्या पुढे असतं ना डोकं? मारा मग. हात चुकत नाही ना तुमचा?"

"पाय काढ!" तो गरजला. "लागेल तुला!"

काठावर सुरीचा आवाज थांबला.

भाला वरच्या वर राहिला. कोणी हललं नाही. त्यामुळे गाळ हळूहळू खाली बसत गेला. आधी आईचा पाय दिसू लागला. मग तिच्या बोटांच्या फटींतून लेकीची बोटं, घट्ट मुडपलेली. आणि त्यांच्या पुढे वाळूतून वर बघणारे माशाचे दोन डोळे. ती नखं आणि ते डोळे यांच्यामध्ये भाल्याचं टोक मावेल एवढीही जागा नव्हती.