उभा अक्ष

"दूधच पुरत नाही तुझं," सासूबाई रोज म्हणायच्या. म्हणून मी एक्सेलमधल्या तान्ह्या मुक्ताच्या वजनाच्या आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी साडेपाच किलोंपासून सुरू केला. महिनाभरात वाढलेल्या जेमतेम शंभर ग्रॅमना एकदम घाटाची चढण आली.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "अगं बाई, केवढी चढलीय! उगीच बोलत होते मी तुला. मग उद्या डॉक्टरकडे कशाला? पोरीची झोपमोड नुसती. नको म्हणून कळवते."

त्यांनी फोन उचललाही. माझ्या मांडीवर मुक्ता न रडता, डोळे अर्धवट मिटून पडली होती.

"आई, थांबा," म्हणत मी अक्षाच्या चौकटीत परत शून्य टाकलं. रेघ आडवी पडली.

त्यांनी फोन खाली ठेवला आणि मुक्ताकडे वाकून पाहिलं.

"उद्या नको," त्या म्हणाल्या. "आत्ताच निघू."